गादी, वळकटी आणि हवा : अकोल्याच्या अंथरुणाचा इतिहास

आजचा विषय वाचून काही जणांनी नाक मुरडलं असेल. हवा भरून फुगवायची प्लास्टिकची गादी, आणि तिच्यावर रोजचं झोपणं, हा काय इतिहासाचा विषय झाला? आणि तोही अकोल्यात? पण अकोल्यात म्हणूनच आम्ही तो घेतला आहे. शिकवणी वर्गांसाठी बुलढाणा-वाशिमकडून येऊन इथे खोली करून राहणारी मुलं, किंवा इथून पुण्याला नोकरीला गेलेली आपली मुलं, यांच्या खोल्यांमध्ये आता हवेची गादी दिसते. पाहुण्यांसाठी म्हणून आणलेली नव्हे, रोजची. घरचं वडीलधारं माणूस कधी तिथे गेलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं : "काहून बाप्पा, कापसाच्या मुलखातला पोरगा अन् झोपते प्लास्टिकवर?"

हे वाक्य आपण आज जरा तपासून पाहू. त्यात एक गृहीत धरलेलं आहे. वऱ्हाडातला माणूस पूर्वी कापसावर झोपत होता, असं ते गृहीत. तो खरंच झोपत होता का?

आधी भाषेकडे बघू, कारण जुन्या वस्तू नाहीशा होतात पण त्यांचे शब्द मागे राहतात. मराठीत झोपायच्या साधनाला सर्वसाधारण शब्द आहे अंथरूण. म्हणजे जे अंथरायचं, आणि अर्थातच सकाळी उचलायचं. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण पलंगाबद्दल बोलत नाही. अंथरूण गुंडाळलं की त्याची होते वळकटी. मुक्काम हलवायचा तर आपण गाशा गुंडाळतो. गाशा म्हणजे मुळात घोड्याच्या खोगिरावर घालायचं कापड, शब्द अरबीतून आलेला. जायची वेळ झाली की कापड गुंडाळायचं आणि निघायचं.

आता 'गादी' घ्या. हा शब्द कुठे कुठे येतो? राजाची गादी, मठाची गादी, सावकाराची गादी, अडत्याची गादी. गादीवर बसतात, गादी चालवतात, गादीला वारस नेमतात. झोपणं हा त्या शब्दाचा फक्त एक अर्थ झाला. गादी म्हणजे बसलेल्या, स्थिरावलेल्या माणसाची जागा. अंथरूण आणि गादी या दोन शब्दांत जो फरक आहे तोच पुढच्या सगळ्या गोष्टीत आहे, एवढं ध्यानात असू द्या.

कापसाकडे येऊ. १८५३ च्या तहानं निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आलं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि सगळ्यांची नजर आपल्या काळ्या जमिनीवर पडली. याच दशकात भुसावळकडून रेल्वे अकोल्यावरून पुढे सरकली आणि १८६७ साली नागपूरला पोचली. मध्यप्रांत आणि वऱ्हाडासाठी कापसाचा खास कमिशनर नेमला गेला, रिव्हेट-कारनॅक त्याचं नाव. खामगावची कापसाची बाजारपेठ तेव्हा नावाजलेली. खामगाव त्या वेळी अकोला जिल्ह्यातच होतं, १९०५ मध्ये ते बुलढाण्याकडे गेलं. जलंब ते खामगाव असा छोटा फाटा केवळ या बाजारासाठी टाकला आणि १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनाला आला. एका तालुक्याच्या गावी व्हाइसरॉय येतो! रुईच्या गाठींची किंमत यावरून कळावी.

या सगळ्या यंत्रणेची दिशा एकच होती, बाहेरची. शेतातून बंडी, बंडीतून जीन-प्रेस, तिथून गाठ होऊन रेल्वेनं मुंबई, मुंबईहून जहाज. विलायतेच्या बाजारात आपल्या मालाला 'ऊमरा' म्हणत. अमरावती, म्हणजे उमरावती, त्याचं ते व्यापारी रूप. लँकेशायरचे मजूर मात्र हिंदुस्थानातल्या सगळ्याच कापसाला सरसकट 'सुरत' म्हणत आणि तो आखूड, तुटका धागा कातताना वैतागत. आणखी एक गोष्ट झाली. वऱ्हाडात 'बनी' नावाची लांब, तलम धाग्याची देशी जात होती. तिची जागा हळूहळू 'जरी' नावाच्या आखूड, जाड्याभरड्या जातीनं घेतली, कारण जरीचं पीक आणि रुईचा उतारा दोन्ही जास्त, आणि व्यापारी बनीसाठी वेगळा भाव देईना. शेतकऱ्याचा हिशेब चुकीचा नव्हता. पुढे या जाड्याभरड्या कापसाशी आपल्याला परत काम पडणार आहे.

मग इतक्या कापसातला घरी किती राहिला? कापूस हे रोख पैशाचं पीक. सारा, सावकार, लग्न, बैल, सगळं त्यातून निघायचं. घरात ठेवलेला प्रत्येक मण हा न फेडलेल्या कर्जाचा मण होता. म्हणून शेतकऱ्याच्या घरात झोपायला काय असायचं? अंबाडीच्या दोरीनं विणलेली बाज. बाजेवर किंवा खाली सारवलेल्या भुईवर वाकळ, आमच्याकडच्या बोलीत 'वाकय'. जुनी लुगडी, धोतरं, फाटके सदरे एकावर एक ठेवून धावदोरा घालत शिवलेली. वर घोंगडी. वाकळीत कापूस असतो, पण तो कापड होऊन, अंगावर फाटून, चिंधी होऊन परत आलेला. म्हणजे शेतातला कापूस जगाचा फेरा करून बाजेवर यायचा, आणि तोवर तो सूत-विणकर-दुकानदार सगळ्यांचा नफा देऊन विकत घेतलेला असायचा.

गाडगेबाबांना लोक गोधडेबुवा, चिंधेबुवा म्हणत, हे आपल्याला माहीत आहे. त्यांचा जन्म १८७६ चा, शेंडगावचा, आणि लहानपण गेलं ते मामाकडे, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला. आपल्याच जिल्ह्यात. नांगर हाकत, गुरं राखत वाढलेला हा माणूस अंगावर चिंध्यांची गोधडी घेऊन हिंडला, तेव्हा तो काही परकं सोंग आणत नव्हता. ज्या पट्ट्यातून कापसाच्या आगगाड्या जात होत्या तिथल्या घरांतलं अंथरूणच त्यानं अंगावर घेतलं होतं. आणि मोठा झाल्यावर त्यानं बांधलं काय? धर्मशाळा. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यातलीच, जी त्यांनी पुढे डॉ. आंबेडकरांच्या हाती सोपवली. पाठ टेकायला जागा नसणाऱ्यांचं काय, हा प्रश्न त्यांना गादीपेक्षा आधीचा वाटला.

गादी होतीच की, पण कुठे? अडत्याच्या दुकानात. पांढरीशुभ्र चादर घातलेली, मागे तक्के-लोड. शेतकरी कापसाची बंडी घेऊन यायचा आणि त्या गादीसमोर उभा राहायचा. भाव ठरायचा गादीवर. १९७२ साली राज्य सरकारची कापूस एकाधिकार खरेदी योजना आली आणि खासगी गादी निदान कायद्यानं बाजूला झाली. त्या काळात खरेदी केंद्रांवर बंड्यांच्या लांबच लांब रांगा लागत आणि शेतकरी रात्र रात्र तिथेच काढत, बंडीखाली नाहीतर भरलेल्या कापसावर. कापसाच्या मुलखातला माणूस कापसावर झोपल्याची आमच्या मते हीच खरी खात्रीची नोंद आहे, आणि ती झोप काही सुखाची नव्हती.

तर गादीवर झोपणं ही आधी वाडेवाल्यांची, व्यापाऱ्यांची, वकिलांची गोष्ट. मग नोकरदार, मास्तर, रेल्वेतले बाबू. मुलीच्या लग्नात पलंग-गादी देण्याची पद्धत रुळली तसतशी ती खाली झिरपत गेली. या गादीमागे एक माणूस असायचा, त्याच्याबद्दल जरा थांबून बोलायला हवं. पिंजारी. नद्दाफ, मन्सूरी अशीही नावं आहेत, बहुतेक मुसलमान समाजातले हे कारागीर. खांद्यावर लाकडाचं मोठं धनुष्य, त्याला ताणलेली आतड्याची तात, हातात लाकडी ठोकळा. गल्लीत शिरला की तात छेडायचा. तो आवाज हीच त्याची हाळी. अंगणात किंवा गच्चीवर जुनी गादी उसवायची, गठ्ठे झालेला कापूस हातानं सोडवायचा, मग तातेवर ठोकळ्याचे ठोके देत देत तो पिंजायचा. ताणलेल्या तातेच्या कंपनानं धागे सुटे होतात, मधली घाण आणि सरकीचे तुकडे खाली पडतात, आणि पायलीभर दिसणारा कापूस खोलीभर होतो. मग खोळीत भरून, काठीनं सारखा करून, मोठ्या सुईनं टाके घालायचे. संध्याकाळी गादी हातभर उंच.

यातलं मर्म असं की गादी कधी 'संपत' नसे. दोन-तीन वर्षांनी बसली की परत पिंजायची, थोडा नवा कापूस घालायचा, खोळ बदलायची. एका गादीतला कापूस आजीपासून नातवापर्यंत चालायचा. पण त्याची किंमत कुणाच्या छातीनं मोजली? पिंजताना उडणारी धूळ दिवसभर नाकातोंडात जाते. तोंडाला फडकं बांधलं तरी जाते. कापसाच्या धुळीनं होणाऱ्या दम्यासारख्या आजाराला वैद्यकात वेगळं नाव आहे, बिसिनोसिस. गिरणी कामगारांच्या बाबतीत त्याची चर्चा झाली, कायदे झाले. गल्लोगल्ली फिरणाऱ्या पिंजाऱ्याची कुठल्या हजेरीपटावर नोंदच नव्हती, मग भरपाई कोण देणार? जुन्या गादीच्या आठवणी काढताना हे सोडून देऊ नये, असं आम्हाला वाटतं. पुढे मोटारीवर चालणारं पिंजणयंत्र आलं, काम सोपं झालं, धूळ तीच राहिली.

गादीला तीन गोष्टी लागतात : ऊन द्यायला अंगण किंवा गच्ची, उचलायला दोन माणसं, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांनीही आपण याच घरात असू ही खात्री. ज्यांना ही खात्री नव्हती ते काय करत? वळकटी बांधत. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीला श्रद्धानंद छात्रालय काढलं, १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली, आणि कुणब्या-माळ्यांची, मागासलेल्या समाजांतली पोरं खेड्यांतून शिकायला बाहेर पडली. ती येताना काय घेऊन आली? पत्र्याची पेटी आणि वळकटी. साहेबी घरांतून चामडी पट्ट्यांचा किरमिजी किंवा खाकी होल्डॉल आला, पण आत तेच : सतरंजी, चादर, उशी. रेल्वेच्या डब्यात, वसतिगृहात, मुंबईच्या खोलीत जिथे पाळीपाळीनं झोपायचं तिथे. वळकटीचा मालक तरुण, एकटा आणि वाटेवर असलेला.

आमचं आजचं म्हणणं इथे येऊन ठेपतं. पुण्याच्या खोलीतली ती हवेची गादी नावापुरती 'गादी' आहे. कुळानं ती वळकटी आहे. गुंडाळता येते, पिशवीत मावते, खोली बदलली की सोबत जाते. अकरा महिन्यांच्या भाडेकरारावर राहणाऱ्या पोराला पन्नास-साठ किलोचा पलंग आणि गादी घेऊन दर वर्षी टेम्पो करायला सांगणं हा उपदेश झाला, व्यवहार नव्हे. त्यानं गादी टाकून प्लास्टिक घेतलं नाही. त्याच्या आजोबांनी वळकटी नेली, त्यानं ही नेली.

ही हवेची वळकटी आली कुठून, हेही मजेशीर आहे. १८२३ मध्ये चार्ल्स मॅकिंटॉश या स्कॉटिश रसायनतज्ज्ञानं रबर विरघळवून ते दोन कापडांच्या मध्ये पसरायची कृती पेटंट केली. पाणी आणि हवा दोन्ही अडवणारं कापड तयार झालं. कारखाना निघाला कुठे? मँचेस्टरला, जिथे जगाचा कापूस कातला-विणला जात होता. त्या कापडाचे रेनकोट झाले, तशा हवेच्या उशा आणि गाद्याही झाल्या. १८३२ मध्ये नील अर्नॉट या डॉक्टरनं अशाच रबरी कापडाखाली पाणी ठेवून अंथरुणाला खिळलेल्या रोग्यांसाठी खाट बनवली, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून. १८४४ मध्ये गुडइयरचं रबर पक्कं करण्याचं पेटंट आलं, मग रबर उन्हात चिकट आणि थंडीत कडक होईनासं झालं. विसाव्या शतकात रबराच्या जागी पीव्हीसी आलं. सांगायचा मुद्दा हा, की हवेच्या या रबरी गाद्या मुळात कापडाच्याच होत्या.

अर्नॉटच्या खाटेची नात अकोल्यात आधीच पोचलेली आहे. लकवा झालेल्या, हाड मोडलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या पलंगावर डॉक्टर जी 'एअर बेड' लावायला सांगतात ती. तिच्यात कप्पे असतात, छोटा पंप दर काही मिनिटांनी एका आड एक कप्पे फुगवतो आणि सोडतो, म्हणजे शरीराचा एकच भाग सतत दबत नाही. औषधांच्या सामानाच्या दुकानांत ती भाड्यानंही मिळते. त्यामुळे अनेक घरांत 'हवेची गादी' म्हटलं की आधी आजारपण आठवतं. तक्रारीच्या त्या वाक्यात थोडी ही भीतीही असावी.

आता रोज झोपण्याचं काय? इथे भावना बाजूला ठेवून वस्तू कशी वागते ते बघू. पीव्हीसी ताणलं जातं, म्हणून नवी गादी पहिले काही दिवस सकाळी सैल वाटते. मुलं म्हणतात फुटकी निघाली. नेहमीच तसं नसतं. हवा थंड झाली की तिचा दाब उतरतो, म्हणून संध्याकाळी टणटणीत भरलेली गादी पहाटे ढिली होते. हिवाळ्यात खालच्या फरशीचा गारवा आतली हवा थेट पाठीला पोचवते, तेव्हा वर जाड गोधडी टाकावी लागते. आणि उन्हाळा! मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या पुढे जातो हे सांगायला आम्ही कशाला हवं. कापूस घाम शोषतो, प्लास्टिक शोषत नाही, चादर भिजते आणि अंगाला चिकटते. पूर्वी आपण धाब्यावर, अंगणात बाज टाकून झोपायचो. बाजेला खालून वारा लागतो, वऱ्हाडाच्या उन्हाळ्यासाठी तिच्यासारखं दुसरं काही झालं नाही. तेव्हा हवेच्या गादीवर जाड सुती चादर किंवा घरची वाकळ घातल्याशिवाय इथे झोपू नये. आणि एक गोष्ट कळकळीनं : तान्ह्या मुलाला, सव्वा-दीड वर्षाच्या आतल्या, तिच्यावर झोपवू नका. मऊ पृष्ठभागात तोंड रुतून किंवा कडेच्या फटीत अडकून गुदमरण्याचा धोका असतो.

राहिला आरोपाचा दुसरा भाग. कापसाची गादी घालवली कुणी? फुगवायच्या गादीनं तर नाहीच. ती येण्याआधीच रबराचा फोम, मग काथ्याच्या गाद्या, मग स्वस्त फोम येऊन बसले होते. अंगणं गेली, फ्लॅटच्या गच्चीला कुलूप लागलं. आणि कापूसही तो राहिला नाही. १९७० मध्ये गुजरातेत एच-४ हा पहिला संकरित कापूस आला, २००२ मध्ये बीटीला परवानगी मिळाली, आणि आपल्या शिवारात लांब, मऊ धाग्याच्या संकरित कापसाशिवाय फारसं काही उरलं नाही. सूतगिरणीला हा धागा हवा असतो. गादीला हवा असतो उलट, आखूड, जाडाभरडा, दाबला तरी परत उसळणारा देशी कापूस. ज्या 'जरी'ला लँकेशायर नाव ठेवत होतं, त्या कुळातला! आपल्या अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं, जे १९६९ मध्ये स्थापन झालं, देशी कापसाच्या एकेए मालिकेतल्या जाती काढल्या आहेत. कोरडवाहू जमिनीत तग धरणाऱ्या. पण पेरणार कोण, आणि वेगळा भाव देऊन घेणार कोण? बनीच्या वेळचाच प्रश्न, उलट्या बाजूनं.

हिशेबच करू. एका माणसाच्या गादीला दहा किलो रुई धरा. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, म्हणजे एका गादीला तीसेक किलो कापूस. २०२४-२५ चा मध्यम धाग्याचा हमीभाव क्विंटलला ७,१२१ रुपये. म्हणजे कच्च्या मालाचेच दोन हजारांवर गेले. सरकीचे वजा करा, पण खोळ, पिंजाई, शिलाई आणि दुकानदार त्यात मिळवा. बाजारात याहून बरीच स्वस्त 'कापसाची' गादी मिळते, तेव्हा आत काय असतं? बहुतेकदा गिरणीचा टाकाऊ कचरा आणि जुन्या कपड्यांचं पिंजून केलेलं तंतू, त्यात पॉलिस्टरही. म्हणजे शेतकऱ्याच्या मालाला आज जो भाव मिळतो, आणि तो कमीच आहे असं तो म्हणतो, त्या भावानंही खऱ्या कापसाची गादी त्याच्या मुलाच्या खोलीभाड्याच्या हिशेबात बसत नाही.

शेवटी एक विनंती, मग प्रश्नांकडे वळू. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी पिंजारी येत असे त्यांनी लिहून ठेवा : कोणत्या महिन्यात यायचा, गादीमागे काय घ्यायचा, धान्य घ्यायचा की पैसे, धनुष्याच्या भागांना तुमच्याकडे काय नावं होती, आणि त्याची मुलं पुढे कोणत्या धंद्यात गेली. कापसाच्या गाठी किती गेल्या याचे आकडे सरकारी दप्तरात सालवार सापडतात. हे मात्र तुमच्याकडेच आहे.